कॉलनीतला एकमेव निरोगी मुलगा

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सरकारी कॉलनीतल्या सोळा वर्षांच्या सगळ्या मुलांना दमा झाला. एकाच आठवड्यात झाला, आणि करोल बागेतल्या एकाच डॉक्टरने केला. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याचा दवाखाना होता. जिन्यात रांग असे. मूल आत जाताना धडधाकट असे आणि बाहेर येताना आजारी. आईबापांचं मात्र उलट होई. जिना उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी दिसे.

जयंत देवस्थळीला दमा झाला नाही, कारण त्याच्या वडिलांनी तो होऊ दिला नाही.

वडील म्हणजे श्रीरंग देवस्थळी, केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. खोटं न बोलणारा माणूस म्हणून सगळ्या मंत्रालयात त्यांची ख्याती होती, आणि त्यामुळे त्यांना महत्त्वाच्या बैठकांना बोलावत नसत.

राष्ट्रीय श्वास महोत्सवाचं ते तिसरं वर्ष. दिल्लीची हवा वाईट आहे ही अफवा असून दोष नागरिकांच्या फुप्फुसांत आहे, ती आळशी झाली आहेत, असं सरकारनं ठरवलं होतं. ठरवल्याबरोबर रस्त्यांवरची हवा मोजणारी यंत्रं उतरवण्यात आली आणि हवा एका दिवसात सुधारली. राहता राहिली फुप्फुसं. त्यांच्यासाठी प्रत्येक कॉलनीनं, प्रत्येक सेक्टरनं सोळा वर्षांचा एक निरोगी मुलगा द्यायचा होता. या मुलांना श्वासवीर म्हणत. ऐन धुरक्यात, नोएडाच्या एका मैदानावर, ही मुलं जागच्या जागी पक्क्या केलेल्या सायकली चालवत. जो थांबे तो विश्रांतीला जाई. जो शेवटपर्यंत टिके त्याच्या घराला मनपसंत बदली मिळे, देशात कुठेही आणि कायमची. एरवी परवान्याशिवाय दिल्ली सोडता येत नसे.

विश्रांतीला गेलेली मुलं पहाडातल्या एका शिबिरात आहेत आणि त्यांची तब्येत सुधारते आहे, असं राजपत्रात छापून येई. आजवर एकही मुलगा परत आला नव्हता. दिल्लीत राजपत्र वाचायची एक रीत आहे. छापलंय त्याच्या उलट समजायचं आणि पावती सहीनिशी परत करायची. एवढी वर्षं नोकरी करून देवस्थळींना ही रीत जमली नव्हती. त्यांना छापलेलं खरं वाटे.

"देवस्थळीजी, बच्चे को अस्थमा करवा लो," शेजारचे खुराना जिन्यात म्हणाले. "अभी टाइम है."

"लेकिन उसको अस्थमा नहीं है."

"तो किसको है, यार?" खुरानांनी आवाज खाली आणला. "मेरा वाला सुबह दस किलोमीटर दौड़ के आता है. फिर मम्मी पंप दे देती है हाथ में."

हे देवस्थळींनी रात्री जेवताना सांगितलं, खुरानांच्या नैतिक ऱ्हासाचं उदाहरण म्हणून. वृंदानं पोळी तव्यावरच ठेवली.

"अहो, मी उद्या जाते करोल बागेत. माझं माहेर आहे तिथं, कुणी ना कुणी ओळखत असेल त्याला."

"खोटं सर्टिफिकेट आजवर आपल्या घरात आलेलं नाही."

"आपल्या घरात बरंच काही आलेलं नाही."

"शिबिर आहे ते, वृंदा. डॉक्टर आहेत, मोकळी हवा आहे."

"कुणी बघितलंय?"

"राजपत्रात आहे."

वृंदानं करपलेली पोळी उचलून बाजूला टाकली. "तुम्हाला पुणं हवंय," ती म्हणाली. "सरळ सांगा ना. पोरगा पेडल मारेल आणि आपण जाऊ पुण्याला."

पुण्याच्या बदलीचा देवस्थळींचा अर्ज जयंतच्या जन्माआधीपासून विचाराधीन होता. वृंदाचा आरोप अर्धा खरा होता. देवस्थळी वरण ओतून घेत राहिले.

जयंतनं फोनमधून मान वर केली. "बाबा, एकच सांगा. शिबिर पक्का आहे ना?"

"आहे."

"मतलब, खरंच?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

जयंतनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तो लहान असताना इतर मुलांचे वडील सांगत, इंजेक्शन अजिबात दुखणार नाही. देवस्थळी सांगत, दुखेल, दंडाला दुखेल, आणि संध्याकाळपर्यंत दुखेल. तसंच दुखे. त्यामुळे जयंत डॉक्टरकडे कधी घाबरला नाही.

"नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर. आणि जिंकायलाच पाहिजे असं नाही. भाग घेणं महत्त्वाचं. थोडी चिकाटी दाखव, दमलास की उतर. पाचवा-सहावा आलास तरी उत्तेजनार्थ काहीतरी असतंच."

"चिकाटी म्हणजे?"

"स्टॅमिना," वृंदा म्हणाली आणि उठून आत गेली.

कॉलनीत रीतसर चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. चिठ्ठी एकच होती. तरीही ती नीट हलवून काढली. जयंतचं नाव वाचल्यावर खुरानांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मराठी मंडळानं सत्कार ठेवला. कस्तुरबा गांधी मार्गावर हॉल मिळाला. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. "दिल्लीत मराठी माणूस मागे राहतो, कारण तो पुढे येत नाही. आज आपल्यातला एक मुलगा पुढे आला आहे!" पहिल्या रांगेत त्यांचा नातू श्याम बसला होता, जयंतपेक्षा वीतभर उंच. आजोबांचं लक्ष गेलं की तो आठवणीनं पंप तोंडाला लावी. भाऊसाहेबांनी जयंतला शाल आणि नारळ दिला. फोटो नीट आला नाही म्हणून शाल परत काढून पुन्हा घातली.

"ऑल द बेस्ट, यार," श्याम जयंतला म्हणाला, आणि नजर न मिळवता समोशांकडे गेला.

नोएडाचं ते मैदान शंभराच्या पुढच्या कुठल्याशा सेक्टरात होतं. पूर्वी तिथं कारखाना होणार होता. मधोमध सायकली आणि भोवती काचेच्या केबिनी, प्रत्येक श्वासवीराच्या आईवडिलांसाठी एक. देवस्थळींना व्यवस्था आवडली. केबिनीत दोन खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि छताला हवा शुद्ध करणारं यंत्र. दारावर हवेचा दिवा. हवा चांगली असली की हिरवा. रस्त्यांवरून उतरवलेली यंत्रं इथं वापरली होती. काटकसर होती, म्हणजे योजना विचारपूर्वक आखलेली होती.

मग संयोजक भल्ला यांनी माइकवरून नियम सांगितले. प्रत्येक केबिनीतलं यंत्र तिच्या श्वासवीराच्या सायकलवर चालतं. तो जोरात पेडल मारेल तेवढी त्याच्या आईवडिलांना स्वच्छ हवा. तो मंदावला की यंत्र मंदावेल आणि बाहेरची हवा आत येईल. वेग फारच पडला की सायकलवर लाल दिवा लागेल. तिसऱ्यांदा लाल दिवा म्हणजे विश्रांती.

"माता-पिता की सेवा हमारी परंपरा है," भल्ला म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुरक्यात मैदानाच्या पार पलीकडची माणसं दिसत नव्हती, टाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

पहिला दिवस बरा गेला. जयंत मधूनमधून केबिनीकडे बघून हात हलवे. दुपारी देवस्थळींना सहज खोकला आला, तसा जयंत पेडलवर उभाच राहिला आणि इतक्या जोरात फिरवायला लागला की केबिनीत डोंगरावरच्यासारखी गार हवा आली. देवस्थळींना ते बघून भरून आलं. "बघितलंस?" ते वृंदाला म्हणाले.

"बघितलं," वृंदा म्हणाली. "आता परत खोकू नका."

"का?"

"तो आपल्यासाठी स्वतःला जाळतोय, अहो. त्या डावीकडच्या बाई सारख्या खोकतायत, बघा त्यांचा मुलगा."

डावीकडच्या बाईंचा मुलगा वेड्यासारखा पेडल मारत होता. संध्याकाळपर्यंत त्याचा तिसरा लाल दिवा लागला. पांढऱ्या कपड्यांतले दोघे आले, त्याला उचलून घेऊन गेले. त्याचे पाय लोंबत होते. आईवडिलांना शाल आणि नारळ देऊन दुसऱ्या दारानं बाहेर नेलं. त्या बाई आता खोकत नव्हत्या.

चहाला सगळे पालक मागच्या एका गॅलरीत येत. उजवीकडच्या केबिनीतल्या अलकनंदा नेगी तिथं भेटल्या. नोएडात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत, नवरा नव्हता, मुलाचं नाव पंकज. वृंदानं त्यांना डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांनी पराठा दिला.

"थोडा आराम मिलेगा अब उस लड़के को," गेलेल्या मुलाबद्दल देवस्थळी म्हणाले. "पहाड़ की हवा अच्छी होती है."

अलकनंदांनी त्यांच्याकडे बघितलं, मग वृंदाकडे. हा माणूस थट्टा करतोय की काय, हे त्या ताडून बघत होत्या.

"भाईसाहब, अख़बार में जिस गाँव का नाम आता है ना, मेरा मायका उसी के नीचे है. पिछले जेठ में गई थी. वहाँ एक पानी की टंकी है. और कुछ नहीं है."

"नई जगह होगी. ऊपर होगी."

"ऊपर पहाड़ ख़तम हो जाता है, भाईसाहब."

देवस्थळींनी हातातला कप खाली ठेवला. "तो फिर आपने बेटे को क्यों भेजा?" त्यांनी विचारलं.

"हमें अस्थमा कौन देता?" अलकनंदा म्हणाल्या. पराठ्याचा उरलेला तुकडा त्यांनी रुमालात बांधला आणि त्या आपल्या केबिनीत परत गेल्या.

वृंदानं चटणीच्या डब्याचं झाकण लावलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं देवस्थळींना वाटलं. ते उठले आणि सरळ भल्लांच्या टेबलापाशी गेले. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला निघालेला माणूस चालतो तसे, जरा तिरके चालत.

"मेरे बेटे को अस्थमा है," ते म्हणाले.

भल्लांनी मान वर केली. "कौन, देवस्थळी साहब? वही ना, जिन्होंने अपनी ही गोपनीय रिपोर्ट में लिखवाया था कि मैं कभी-कभी देर से आता हूँ?"

"जी. लेकिन बेटे को..."

"आपने खुद लिख के दिया है, पूर्णतः निरोगी. कोई और लिखता तो मैं मान लेता कि झूठ है." भल्ला हसले. हसण्यात आदर होता. "सर, आपके काग़ज़ पर तो हम आँख बंद करके साइन करते हैं. जाइए, बैठिए. बच्चा देख रहा होगा."

देवस्थळी परत येऊन बसले. "नाही ऐकत," ते म्हणाले.

"मग आता मी सांगते ते ऐका," वृंदा म्हणाली. "त्याला जिंकावं लागेल. दुसरा रस्ता नाही. आणि जिंकायचं तर त्यानं हळू चालवायला हवं, लाल दिव्याच्या जरा वर. हवा खराब झाली तरी आपण खोकायचं नाही. हसत बसायचं. समजलं?"

त्यानंतर देवस्थळी दांपत्यानं जे केलं त्याची नोंद कुठल्याही महोत्सवात झाली नाही. जयंत थकला की त्यांच्या केबिनीत पिवळट धूर उतरे, दारावरचा दिवा तांबूस होई, आणि दोघं गप्पा मारल्यासारखे ओठ हलवत बसत. खोकला घशात आला की वृंदा खाली वाकून चप्पल नीट केल्यासारखं करे आणि पदर तोंडात कोंबे. देवस्थळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत श्वास धरत आणि वर बघून जयंतला अंगठा दाखवत. जयंतला वाटे, आईबाबा मजेत आहेत. तो बेतानं पेडल मारी. दुसऱ्या केबिनींत लोक खोकत होते आणि त्यांची मुलं जिवाच्या आकांतानं पेडल मारून संपत होती. एकामागून एक नारळ दिले जात होते.

फक्त शेजारच्या केबिनीत अलकनंदा ताठ बसून असत. त्या कधीच खोकल्या नाहीत. त्यांनी हे पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

अशा रीतीनं शेवटी दोन सायकली उरल्या, जयंतची आणि पंकजची.

शेवटच्या दिवशी दुपारी कधीतरी सूर्य दिसला, जुन्या बल्बसारखा. दोन्ही मुलं आता केबिनींकडे बघत नव्हती. जयंतची मान छातीवर होती. त्याचा लाल दिवा लागला. पंकजचाही लागला. दोघं पुन्हा थोडे हलले. मग दोघांचे दुसऱ्यांदा लागले. गॅलरीत भल्ला घड्याळाकडे बघत चहा पीत होते.

जयंतचे पाय फिरत होते, पण आता पेडलच त्यांना फिरवत होतं. वेग उतरत चालला. यंत्रात मघाची हवा उरली होती, त्यामुळे केबिनीच्या दारावरचा दिवा अजून हिरवा होता.

"खोका," वृंदा म्हणाली.

"काय?"

"अहो, खोका!"

"मला खोकला येत नाहीये."

"मग आणा!"

देवस्थळी खोकले. बैठकीत बोलायच्या आधी घसा साफ करतात तसे. जयंतनं मान वर केली नाही. वृंदानं त्यांच्या पाठीत गुद्दा मारला, काचेवर दोन्ही हात आपटले आणि ओरडली, "जयू! बाबा बघ! जयू!"

देवस्थळी खुर्चीवरून खाली गुडघ्यांवर आले. त्यांनी गळा दोन्ही हातांनी धरला. मरणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून जे सुचेल ते ते करत गेले. कपाळ काचेवर आपटलं, जीभ बाहेर काढली, पाय झाडले. चष्मा पडला. दुसरं कुणी बघत असतं तर हसलं असतं.

जयंतनं मान वर केली. त्याला फक्त त्याचे बाबा दिसले, आणि बाबांनी त्याला आयुष्यात कधी फसवलं नव्हतं.

तो पेडलवर उभा राहिला. त्याच्या तोंडातून आवाज आला, तो काचेतून ऐकू आला नाही. सायकल हलायला लागली. केबिनीत गार, स्वच्छ हवेचा झोत आला, आणि त्या हवेत देवस्थळी जमिनीवर लोळत, जोर लावून, नेटानं खोकत राहिले.

लोळताना त्यांची नजर बाजूच्या काचेवर गेली. पलीकडून अलकनंदा त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी देवस्थळींच्या दारावरचा हिरवा दिवा बघितला. मग देवस्थळींना बघितलं. मग त्या एकदम उठल्या, आपल्या काचेशी धावल्या आणि त्यांनी खोकायला तोंड उघडलं. तोवर पंकजचं कपाळ हँडलवर टेकलेलं होतं. त्या खोकत राहिल्या. पांढऱ्या कपड्यांतले दोघे त्याला उचलायला निघाले होते.

बक्षीस समारंभ छोटा होता, कारण प्रमुख पाहुण्यांना हवा मानवत नव्हती. भल्लांनी देवस्थळींना विचारलं, "कहाँ जाना चाहेंगे, सर?" वृंदानं "पुणे" सांगितलं. देवस्थळी खाली बघत होते.

जयंतला स्ट्रेचरवर आणलं. अंगावर पांढरी चादर होती. त्याचे डोळे लाल आणि अर्धवट उघडे होते. "बाबा," तो म्हणाला, "खोकला?"

"काही नाही, बाळा," वृंदा म्हणाली. "पड तू."

"बाबांना विचारतोय."

देवस्थळी वाकले. त्याला खरं सांगायचं, आत्ताच सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खोकला नव्हता, मी नाटक केलं, एवढीच दोन वाक्यं. तिसरं वाक्य त्यांना जमत नव्हतं. ते पंकजबद्दल होतं.

तेवढ्यात दुसऱ्या दाराकडे जाता जाता अलकनंदा मध्येच थांबल्या. त्यांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. सोबतचा माणूस "चलिए, माताजी" म्हणत होता. त्या स्ट्रेचरपाशी आल्या, जयंतच्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला, आणि मग वर बघितलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. शेजारणीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"भाईसाहब, आपकी खाँसी अब कैसी है?"

जयंत वडिलांकडे बघत होता. वृंदानं देवस्थळींचा हात मागून घट्ट धरला. अलकनंदा उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

देवस्थळी खोकले.

आता त्यांना ते चांगलं जमलं होतं. चादरीखाली जयंतचे पाय फिरायला लागले.